अक्कलदाढेच्या मुळावरून पीडीएल मूलपेशी कशा काढाव्यात

पायोरियात दाताला हाडाशी बांधणारं पेरिओडॉन्टल लिगामेंट, म्हणजे पीडीएल, नष्ट होतं. त्याच्याबरोबर हाड आणि सिमेंटम, म्हणजे मुळावरचा कठीण थरही जातो. ते पुन्हा घडवू शकणाऱ्या मूलपेशी मात्र या लिगामेंटमध्येही असतात. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या गटाने २००४ साली अशा मानवी पेशी उंदरांत रोवून सिमेंटम आणि लिगामेंटसारखी रचना तयार झाल्याचं 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं. पुढची कृती प्रयोगशाळेतल्या कल्चरसाठी आहे, रुग्णाच्या तोंडात घालण्यासाठी नाही.

आधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. तरुण रुग्णाची, कीड न लागलेली, रुतलेली अक्कलदाढ उत्तम. काढल्या काढल्या ती थंड अल्फा-एमईएममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात (मीडियममध्ये) टाका. त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या दुप्पट असू द्या. स्पिरिटने पुसू नका, गॉजमध्ये गुंडाळूनही ठेवू नका. मूळ कोरडं पडलं की पेशी मेल्याच म्हणून समजा. शक्यतो त्याच दिवशी कामाला लागा.

बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये दाढ पीबीएसने, म्हणजे फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने चार-पाच वेळा धुवा. आता १५ नंबरच्या ब्लेडने मुळाच्या फक्त मधल्या एक-तृतीयांश भागावरून ऊती खरवडा. सगळा खेळ इथेच आहे. वरच्या भागावर हिरडीचा अंश असतो आणि टोकाशी पल्पचा, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ गराचा. थोडं जास्त मिळावं म्हणून वर-खाली ब्लेड फिरवलं, तर हिरडीचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे साध्या संयोजी ऊतीच्या पेशी, भराभर वाढून फ्लास्क व्यापतात. हात हलका ठेवा. सिमेंटमचे कपचे निघाले तर जोर जास्त होतोय. अधूनमधून मुळावर मीडियमचे थेंब सोडत राहा.

ऊतींचे बारीक तुकडे करून २ मि.लि. द्रावणात टाका: ६ मि.ग्रॅ. कोलॅजिनेज टाइप-१ आणि ८ मि.ग्रॅ. डिस्पेज (ऊती विरघळवून पेशी सुट्या करणारी एन्झाइम), त्याच दिवशी बनवून ०.२२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळलेलं. ३७ अंशांवर एक तास ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी हलवा. तासाभरानंतरही काही तुकडे विरघळले नसतील तर राहू द्या. वेळ वाढवली की पेशींवरच एन्झाइम चालतं. सीरमवालं मीडियम घालून क्रिया थांबवा, ७० मायक्रोमीटर जाळीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर पाच मिनिटं फिरवा.

खाली बसलेल्या पेशी वाढवायचं मीडियम असं: अल्फा-एमईएम, १५ टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम), २ मिलिमोलर ग्लुटामाइन, १०० मायक्रोमोलर एस्कॉर्बिक अॅसिड-२-फॉस्फेट, नेहमीची अँटिबायोटिक्स. साधं एस्कॉर्बिक अॅसिड मीडियममध्ये लवकर खराब होतं, म्हणून फॉस्फेटवालंच घ्या. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्यावर पहिले तीन दिवस फ्लास्क हलवू नका. कितीही मोह झाला तरी! आठवडा-दोन आठवड्यांत वसाहती दिसतात. ८० टक्के भरल्यावर ट्रिप्सिनने सोडवा. असं सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या प्रत्येक फेरीला पॅसेज म्हणतात; प्रयोगाला तिसरा ते पाचवा पॅसेज वापरा.

तोंडातून आलेली बुरशी बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसते. धागे दिसले की तो फ्लास्क फेकून द्या. औषध घालून वाचवण्याच्या नादात अख्खा इन्क्युबेटर जातो.

ओळख पटवताना सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही पृष्ठभागावरची खूण-प्रथिनं किमान ९५ टक्के पेशींवर, आणि सीडी४५, सीडी३४ दोन टक्क्यांपर्यंतच, हा निकष आहे. पण हिरडीचे फायब्रोब्लास्टसुद्धा यात सहज पास होतात, त्यामुळे एवढ्यावर 'मूलपेशी मिळाल्या' असं प्रबंधात लिहू नका. सीडी१४६ आणि स्ट्रो-१ या मूलपेशींच्या खुणाही तपासा, आणि तीन-चार आठवडे हाडाच्या दिशेने वाढवून अॅलिझरीन रेड या रंगाने कॅल्शियमच्या गाठी दाखवा. सोबत त्याच रुग्णाच्या हिरडीच्या पेशी तुलनेसाठी कंट्रोल म्हणून हव्यातच.

उरलेल्या पेशी दुसऱ्या पॅसेजलाच गोठवा: प्रत्येक व्हायलमध्ये दहा लाख, ९० टक्के एफबीएस आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक), रात्रभर उणे ८० अंशांवर, मग द्रव नायट्रोजनमध्ये.