जपानी व्हॉल्व्ह रेडिओ: निवड, तपासणी आणि दुरुस्ती

जपानी व्हॉल्व्ह (निर्वात नळी) रेडिओंचा संग्रह करू पाहणाऱ्याने आधी संचाचा काळ ओळखायला शिकावे, कारण दुरुस्ती किती अवघड जाईल आणि सुटे भाग मिळतील की नाही, हे बहुतांशी त्यावरच ठरते. जपानमध्ये रेडिओ प्रक्षेपण १९२५ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून युद्धकाळापर्यंत घरगुती वापरात तीन-चार व्हॉल्व्हचे रिजनरेटिव्ह (आलेला संकेत पुन्हा मागे फिरवून वाढवणारे) संच आणि मॅग्नेटिक स्पीकर सर्रास असत. हे संच मोलाचे आहेत. मात्र त्या स्पीकरच्या कॉइलमधील अतिशय बारीक तार बऱ्याचदा तुटलेली निघते आणि ती पुन्हा गुंडाळणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे.

पहिल्या संचासाठी १९५० च्या दशकातील, पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेला पाच व्हॉल्व्हचा सुपरहेटरोडाइन (आलेला संकेत एका ठरलेल्या मधल्या वारंवारतेवर आणून वाढवणारा संच) निवडावा. त्यात साधारणपणे या क्रमांकांचे व्हॉल्व्ह असतात: ६डब्ल्यूसी५, ६डी६, ६झेडडीएच३ए, आउटपुटला ६झेडपी१ किंवा ४२ आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह) म्हणून १२एफ किंवा ८०. कारखान्यात तयार झालेल्या संचांवर त्या काळी वस्तुकर असल्यामुळे अनेकांनी तोक्योच्या अकिहाबारासारख्या बाजारातून सुटे भाग आणून रेडिओ जोडले. असा बिननावाचा संच कमी प्रतीचा मानू नये. त्यातले वायरिंग कधीकधी कारखान्यातल्या कामापेक्षाही नेटके असते.

नंतरच्या लहान प्लास्टिक संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ३०ए५ आणि ३५डब्ल्यू४ यांचे हीटर एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्या व्होल्टेजची बेरीज सुमारे १०३ येते, म्हणून ते थेट जपानच्या १०० व्होल्ट पुरवठ्यावर चालतात. यात चॅसी (धातूचा सांगाडा) मेन्सशी जोडलेली असू शकते; त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) अशा संचाला हात लावू नये.

संच घरी आल्यावर तो चालतो का हे पाहण्यासाठी लगेच प्लग लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रथम आतून सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि पेटीच्या आत मंडलाचा आराखडा चिकटवलेला असल्यास तो जपावा. नंतर मल्टीमीटरने पॉवर ट्रान्सफॉर्मर, आयएफ (मधली वारंवारता) ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग तपासावीत. रबरी आवरणाच्या तारा हात लावताच भुरभुरत असतील, तर त्या बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत जास्त लक्ष ६झेडडीएच३एच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणाऱ्या कपलिंग कपॅसिटरकडे द्यावे. कागदी कपॅसिटर वयानुसार गळू लागतो आणि प्लेटवरचे पॉझिटिव्ह व्होल्टेज थोडेथोडे ग्रिडवर पोचते. त्याने आउटपुट व्हॉल्व्हमधील प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह अति तापतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी वाइंडिंग जळते. बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा असलेला हा कपॅसिटर ६३० व्होल्टच्या फिल्म कपॅसिटरने बदलणे ही संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी गोष्ट आहे. संच सुरू झाल्यावर ग्रिड आणि चॅसी यांमध्ये मीटर लावावा. तिथे पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसले तर संच ताबडतोब बंद करावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आधीच जळालेला असल्यास ६झेडपी१ साठी १२ किलोओहमचा आणि ४२ साठी ७ किलोओहमचा घ्यावा.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलावेत, पण त्यांचे मूल्य मूळच्या फार वर नेऊ नये, कारण त्याचा ताण रेक्टिफायरवर येतो. जुने डबे चॅसीवर तसेच ठेवून नवे भाग खाली लपवता येतात, आणि संग्राहकाने तसेच करावे असे माझे ठाम मत आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या संचाला पहिला पुरवठा सिरीज लॅम्पमधून (पुरवठ्याच्या वाटेत जोडलेला बल्ब) द्यावा. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. आवाज नीट येऊ लागल्यावरच अलाइनमेंटकडे (ट्यून केलेल्या मंडलांच्या जुळवणीकडे) वळावे आणि त्याआधी आयएफ किती आहे ते आराखड्यात पाहावे, कारण जुन्या जपानी संचांत ४५५ ऐवजी ४६३ किलोहर्ट्झही आढळते.

डायलच्या काचेची अक्षरे असलेली बाजू ओल्या फडक्याने पुसू नये. आकडे क्षणात निघून जातात आणि ते पुन्हा मिळत नाहीत. तिथे मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे. ६ई५ मॅजिक आय (स्टेशन नीट जुळले का ते चमकून दाखवणारा व्हॉल्व्ह) मंद झालेला असेल, तर त्याची चमक परत आणता येत नाही; रेडिओ त्याच्याशिवायही चालतो, म्हणून नवा ६ई५ मिळेपर्यंत जुनाच जागेवर राहू द्यावा.