पीएसयू बदलूनही सर्व्हर बंद पडतोय? आतल्या १२ व्होल्टच्या वाटेवर या चुका टाळा

सर्व्हरवर केशरी दिवा लागला की आधी संशय पीएसयूवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लाय युनिटवर येतो. नवा मागवून बसवला जातो आणि दिवा तसाच राहतो. पीएसयू आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वीज वाटून देणारा पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे पीडीबी असतो, हे घाईत विसरलं जातं. दोन्ही पीएसयू सारखे असतील तर सर्व्हर रीतसर बंद करून त्यांची अदलाबदल करा. एरर पीएसयूबरोबर दुसऱ्या खणात गेली तर पीएसयू खराब. त्याच खणात राहिली तर पीडीबी किंवा त्याचा कनेक्टर बघायचा. त्याआधी बीएमसीचा, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपचा, इव्हेंट लॉग (घडामोडींची नोंद) सेव्ह करून ठेवा. तो पुसून सुरुवात करणं म्हणजे हातातला पुरावा घालवणं.

दुसरी चूक मल्टीमीटरची. लोड नसताना १२ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय ठीक आहे असं समजू नका. ८०० वॅटला १२ व्होल्टवर सुमारे ६७ अँपिअर लागतात. हा सगळा करंट जिथून जातो, त्या सैल किंवा काळवंडलेल्या कनेक्टरमध्ये नुसता २ मिलिओहम रोध वाढला, तरी तिथे ०.१३ व्होल्ट पडतात आणि इवल्याशा पिनांमध्ये ९ वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक पिवळं पडतं, पिनेची पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. म्हणून बीएमसीवरचं व्होल्टेज आधी सर्व्हरवर काम नसताना आणि मग पूर्ण लोडवर बघा. फरक जास्त वाटला तर कनेक्टर काढून डोळ्यांनी तपासा. असा भाजलेला कनेक्टर घासून पुन्हा वापरू नये.

सगळ्यात महागात पडते ती जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची केबल. ८ पिनांची सीपीयूची (प्रोसेसरची) केबल आणि ग्राफिक्स कार्डांना सहसा लागणारी ८ पिनांची पीसीआयई केबल दिसायला जुळी, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट. एनव्हिडियाच्या टेस्ला पी४० सारख्या सर्व्हर कार्डांना मात्र सीपीयूचा कनेक्टर असतो. खाचेत बसत नाही म्हणून जोर लावला, की थेट शॉर्ट. त्यात सर्व्हरच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही. त्यामुळे पार्ट नंबर जुळवूनच केबल घ्या आणि लावण्याआधी कंटिन्युइटी, म्हणजे कुठली पिन कुठे जोडलेली आहे ते, मल्टीमीटरने तपासा. ही पाच मिनिटं कितीही घाई असली तरी वाचवू नका.

बटणाने बंद केलेल्या सर्व्हरमध्ये स्टँडबाय सप्लाय चालूच असतो, तेव्हा पीडीबीला हात लावण्याआधी दोन्ही एसी कॉर्ड काढा.

सर्व्हर अजिबात उठत नसेल तर कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे पीएसयूने स्वतःला लॉक केलेलं असू शकतं. कॉर्ड काढून काही मिनिटं थांबा. जीपीयू, रायझर (कार्ड बसवायचा जोडबोर्ड) आणि डिस्क बॅकप्लेन (डिस्क जिथे जोडल्या जातात तो बोर्ड) यांच्या केबल सोडवून सुरू करा. उठला तर दर वेळी कॉर्ड काढून एकेक भाग परत जोडा. जो भाग जोडल्यावर सर्व्हर पुन्हा बंद पडला, शॉर्ट तिथे शोधा.