माडाला मीठ चालतं, द्राक्षाला नाही

डिचोलीत आमच्या परसात विहिरीजवळ बंगळूर ब्लू जातीच्या द्राक्षाचा एक वेल आहे, मांडवावर चढवलेला. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. रोग समजून मी दोनदा औषध फवारलं, उपयोग शून्य. चवथीनंतर शेजारच्या माडाच्या आळ्यात आम्ही मीठ आणि खारी सुकी मासळी घातली होती, आणि वेलाची मुळं तिथवर पोचली होती. मिठात क्लोराइड असतं, आणि द्राक्षाला ते सोसत नाही. म्हणून पोटॅश विकत घेतानाही म्युरिएट, म्हणजे क्लोराइडवालं पोटॅश, घेऊ नका, सल्फेट ऑफ पोटॅशच मागा. पिशवीवर ०:०:५० लिहिलेलं असतं, म्हणजे नत्र नि स्फुरद शून्य, पोटॅश ५० टक्के.

आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी. वर ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर घातलेलं नत्र नि पोटॅश पाण्याबरोबर निघून जातं, तेव्हा पावसात काही घालू नका. माती तपासून आम्लता जास्त निघाली, तर मे महिन्यात अर्धा किलो डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीची भुकटी) मातीत मिसळा.

खरं काम दसऱ्याच्या सुमारास, फळछाटणीच्या, म्हणजे घड येण्यासाठी करतात त्या छाटणीच्या, आठ-दहा दिवस आधी. बुंध्यापासून दीड-दोन हात लांब, चार बोटं खोल गोल चर काढा. खोल खणू नका, तंतुमुळं वरच्या थरातच असतात. मोठ्या वेलाला मी दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालते. सुपर फॉस्फेट शेणखतात कालवूनच घाला. नुसतं टाकलं तर आपल्या मातीतलं लोह त्यातलं स्फुरद धरून ठेवतं, वेलाच्या वाट्याला थोडंच येतं. मग माती ओढून वर सुका पाला पसरा.

युरियाचा मोह आवरा. नत्र जास्त झालं की वेल नुसता माजतो, पानं दाटतात, आणि आपल्या दमट हवेत केवडा नि भुरी हे बुरशीचे रोग लगेच शिरतात. फुटी अगदीच फिकट दिसल्या तर मूठभर गांडूळखत पुरे.

पोटॅश दोन हप्त्यांत: मणी हरभऱ्याएवढे झाले की ५० ग्रॅम, मण्यांत पाणी उतरू लागलं की आणखी ५०. दोन्ही वेळा ओल्या मातीतच, वर लगेच पाणी.

जुनी, खालची पानं रोज उलटून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळं पडलेलं पान परत हिरवं होईलच असं नाही. नवी पानं कशी येतात त्यावर लक्ष ठेवा.

एप्रिलच्या खरड छाटणीला (नव्या काड्यांसाठी वेल मागे छाटतात तेव्हा) एक घमेलं शेणखत, बस्स.