बाबांच्या बंडीतला रॉकबॉक्स

हरभऱ्याच्या ओलिताची लाईट आमच्या फिडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाबा वावरातच जागल करतात. तीन-चार तासांनी स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या ओळीत लावायचे आणि मधल्या वेळात डुकरांवर लक्ष ठेवायचं. सोबतीला गाणी ऐकायला मोबाईल द्यायचो. दोन मोबाईल ओले होऊन मेले. तिसरा द्यायची माझी हिंमत झाली नाही. दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मोबाईलचं नाही.

तेवढ्यात भाच्याने पुण्याहून येताना त्याचा जुना सॅनसा क्लिप प्लस, म्हणजे गाणी वाजवायचा छोटा प्लेअर, आणून दिला. २००९ चं मॉडेल. काडेपेटीपेक्षा जरा लहान, पाठीला चिमटा, बाजूला मायक्रो-एसडी कार्डाची खाच. बंडीच्या खिशाला लावला की पाईप उचलताना मधे येत नाही. वस्तू सोन्यासारखी, पण आतलं सॉफ्टवेअर आमच्या कामाचं नव्हतं. ते गाणी गायक आणि अल्बम पाहून लावतं. आमच्या भजनी मंडळाने ओट्यावर बसून रेकॉर्ड केलेल्या खंजिरी भजनांना कसला आला अल्बम? सगळी 'अननोन'मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हॉइस मेसेज तर वाजतच नव्हते, कारण ते ओपस प्रकारात असतात. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना जवळचं बारीक काही वाचता येत नाही. स्क्रीन अंगठ्याच्या नखापेक्षा थोडीच मोठी.

म्हणून त्यात रॉकबॉक्स टाकला, म्हणजे प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं दुसरं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सोर्स खुला आहे. स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरांनी २००१ च्या शेवटी आर्कोस कंपनीच्या ज्यूकबॉक्स प्लेअरसाठी हे काम सुरू केलं. बियोर्न स्टेनबर्ग त्यांतला पुढचा माणूस. मग एकेक करून आयपॉड, आयरिव्हर, सॅनसा असे कितीतरी प्लेअर त्यात आले. माझ्यासाठी त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची होती: रॉकबॉक्स बोलतो. मेनू बोलतो, फोल्डरचं नाव बोलतो, आणि तेही तुमच्या घरच्या आवाजात.

आधी एक ताकीद. आठवडी बाजारात तीनशे-चारशे रुपयांना मिळणाऱ्या एमपीथ्री प्लेअरवर हे चालत नाही. रॉकबॉक्सच्या साइटवर चालणाऱ्या मॉडेलची यादी आहे, ती पाहूनच जुना माल घ्या. क्लिप प्लस, क्लिप झिप, फ्यूज, जुना हार्डडिस्कवाला आयपॉड हे चालतात. गावातल्या एका काकांनी असाच एक चमकदार प्लेअर आणून माझ्या टेबलावर ठेवला, 'यात बी टाक ना बे' म्हणाले. मला नाही म्हणावं लागलं आणि चहा मीच पाजला.

आता काम. प्लेअर आधी पूर्ण चार्ज करा. बदल करताना तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो, अर्ध्यात विझला तर तुम्हीच रडाल. मग प्लेअरच्याच सेटिंगमध्ये, सिस्टीम सेटिंगखाली, यूएसबी मोड 'एमएससी' करून ठेवा. मी हे विसरलो होतो. एमटीपी मोडमध्ये प्लेअर कॉम्प्युटरला पेनड्राईव्हसारखा दिसत नाही, आणि माझा अर्धा रविवार त्यात गेला. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या, ते बहुतेक फॅट३२ मध्येच येतं (फॅट३२ म्हणजे कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत). ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं आणि रॉकबॉक्सला ते वाचता येत नाही. तेच वापरायचं असेल तर आधी फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्यावं लागतं.

कॉम्प्युटरवर रॉकबॉक्स युटिलिटी नावाचा त्यांचाच प्रोग्रॅम उतरवा. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हींवर चालतो. प्लेअर जोडलेला असला की तो मॉडेल ओळखतो. स्टेबल आवृत्ती निवडा, बूटलोडर (प्लेअर चालू होताना रॉकबॉक्स उघडणारा छोटा प्रोग्रॅम), रॉकबॉक्स आणि फॉन्ट एवढ्यांवर खूण करा, आणि इंग्रजी व्हॉइस फाइलही घ्या, ती पुढे लागते. सॅनसाच्या बाबतीत तो कंपनीच्या मूळ फर्मवेअरची, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, बिन फाइल मागतो. ती वेगळी शोधून आधीच उतरवून ठेवा, आणि ती तुमच्याच मॉडेलची आहे ना हे दोनदा बघा. युटिलिटी त्या फाइलमध्ये बूटलोडर मिसळून ती प्लेअरमध्ये ठेवतो. त्यानंतर 'सेफली रिमूव्ह' करूनच वायर काढायची. प्लेअर स्वतःच फर्मवेअर अपडेट करायला लागतो. मिनिटभर काही करू नका, बटणं दाबू नका. परत सुरू केला की रॉकबॉक्सची पाटी दिसते.

माझं पहिल्यांदा असं सरळ झालं नाही. फाइली कॉपी होत होत्या आणि लाईट गेली. दुकानात दिवसभर लोकांना ऑटो-स्विच लावून देणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरला यूपीएस नाही, हे लिहायला लाज वाटते. प्लेअर अर्धवट फाइलींवर अडकून बसला. घाबरू नका, मूळ सॉफ्टवेअर पुसलं जात नाही, शेजारी तसंच राहतं. पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, तो बंद होतो. मग डावं बटण दाबून धरून चालू करा, म्हणजे कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर उघडतं. तिथून प्लेअर फॉरमॅट केला, पुन्हा जोडला, पुन्हा सगळं टाकलं. ही डाव्या बटणाची युक्ती प्लेअरच्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. नंतर कधी रॉकबॉक्स नकोच झाला तरी सुरुवात तिथूनच करायची.

आता बोलण्याचं.

सुरुवातीला मी सोपा रस्ता धरला. युटिलिटीमध्येच बोलक्या फाइली बनवायची सोय आहे. कॉम्प्युटरचा आवाज फोल्डरचं नाव वाचतो आणि प्रत्येक फोल्डरात एक क्लिप ठेवतो. मी ई-स्पीक नावाच्या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आवाज लावला. संध्याकाळी बाबांच्या कानाला इयरफोन लावून दिला. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे कोन बोलून रायलं बे? नाकात माशी गेल्यावानी."

मग घरचा आवाज. माझी सातवीतली पोरगी मोबाईलसमोर बसली. आम्ही पाच फोल्डर ठरवले: खंजिरी, कीर्तन, दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), बाजारभाव, आणि 'घरचं', ज्यात नातेवाइकांचे व्हॉइस मेसेज. प्रत्येकाचं नाव तिने एकदा म्हणायचं. एवढंच. पण तिने सुरुवातीला "आबाजी, आता तुम्ही खंजिरी भजनाच्या फोल्डरवर आला आहात" असं आकाशवाणीसारखं म्हटलं, आणि ते वावरात वापरायला गेल्यावर चूक कळली. क्लिप लांब असली की ऐकणाऱ्याला प्रत्येक फोल्डरवर थांबून राहावं लागतं. शब्द एकच ठेवा, आणि ओळखू येणारा शब्द आधीच येऊ द्या. "खंजिरी." संपलं.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज कापाकापीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून आधीचा-नंतरचा शांत भाग कापा, आवाज थोडा वाढवा, आणि १६ बिट, मोनो, वेव्ह अशी फाइल काढा. रॉकबॉक्सला ही क्लिप स्पीक्स या, बोलण्याच्या आवाजासाठी असलेल्या, प्रकारात लागते. त्यासाठी रॉकबॉक्सच्याच सोर्समध्ये, टूल्स फोल्डरात, 'आरबी-स्पीक्स-एन्क' नावाचं छोटं अवजार आहे. लिनक्सवर 'मेक' कमांडने तयार करून घ्यायचं, मग कमांडमध्ये आधी वेव्ह फाइलचं नाव, नंतर निघणाऱ्या टॉक फाइलचं. फोल्डरच्या क्लिपचं नाव ठरलेलं आहे: अंडरस्कोर, त्याला चिकटून 'डिरनेम' (डी-आय-आर-एन-ए-एम-ई), टिंब, 'टॉक'. सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, आणि फाइल त्या त्या फोल्डरातच ठेवायची. एखाद्या भजनाचं नाव बोलवायचं असेल तर त्या फाइलचं पूर्ण नाव एमपीथ्री धरून लिहायचं आणि पुढे टिंब टॉक. मी फक्त मोठ्या कीर्तनांना दिलं. दीडशे भजनांची नावं म्हणायला पोरगी तयार नव्हती, आणि तिचंही बरोबर होतं.

प्लेअरमध्ये जनरल सेटिंगमध्ये व्हॉइस आहे. तिथे डिरेक्टरी आणि फाइल, दोन्हींच्या टॉक क्लिप वापरायचे पर्याय 'यस' करा. व्हॉइस मेनू मी 'ऑफ' ठेवला, बाबांना इंग्रजी मेनूशी देणं-घेणं नाही.

फोल्डरची नावं रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी दाखवणारा युनिफॉन्ट टाकता येतो, पण जोडाक्षरं जुळत नाहीत आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. मला ते बघवलं नाही. बाबांना फरक पडत नाही, ते स्क्रीन बघतच नाहीत. मात्र नावाआधी १, २, ३ असे आकडे द्या, म्हणजे क्रम बदलत नाही. बाबांना आता पाठ आहे: एकदा खाली, की कीर्तन.

सॅनसाचं मूळ सॉफ्टवेअर स्वतःचे म्युझिक, पॉडकास्ट, रेकॉर्ड असे फोल्डर करून ठेवतं, ते यादीत मधे-मधे येतात. म्हणून सगळं कार्डावर एका फोल्डरात टाका, त्यावर मधलं बटण दाबून धरा, आणि येणाऱ्या मेनूतून फाइल-यादी तिथूनच सुरू होईल असं लावा.

दुसरी आवर्जून करायची सेटिंग बुकमार्कची. जनरल सेटिंग, बुकमार्किंग, 'बुकमार्क ऑन स्टॉप' यस, 'लोड लास्ट बुकमार्क' यस. दोन तासांचं कीर्तन पाईप बदलायला मधेच थांबवलं, तरी पुढे तिथूनच सुरू होतं. पूर्वी बाबा दर वेळी अभंगाच्या पहिल्या चरणापासून ऐकायचे. आता म्हणतात, महाराज मायी वाट पाहून रायते.

चार्जिंगची एक गंमत. कॉम्प्युटरला लावला की रॉकबॉक्स फाइलींच्या मोडमध्ये जातो आणि वाजणं बंद. फक्त चार्ज करायचं असेल तर वायर लावताना कुठलंही बटण दाबून धरा. साध्या मोबाईल चार्जरला ही कटकट नाही. बॅटरीबद्दल कंपनी १५ तास म्हणायची. आमच्या जुन्या प्लेअरमध्ये तेवढं मिळत नाही, पण एक जागल निघते.

आणि भजनी मंडळवाल्यांसाठी: यात लयीचा ठोका देणारा मेट्रोनोम आहे, आणि पिच, म्हणजे सुराची उंची, बदलता येतं. कुणाची चाल आपल्या पेटीच्या सुरात बसत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली करून बघा. आमचा पेटीवाला यावर इतका खूश झाला की दोन दिवस प्लेअर त्याच्याकडेच होता आणि बाबांनी रोज सकाळी मला विचारलं, "आला का?"

बाजारभावाच्या फोल्डरात मी रोज दुकानातून निघताना कापूस, तूर, सोयाबीन यांचे भाव स्वतः मोबाईलवर म्हणून ठेवतो आणि रात्री कार्डावर टाकतो. गेल्या आठवड्यात तीन दिवस टाकायचं राहिलं. बाबांनी वावरातून येऊन, चपला न काढता, दारातूनच सांगितलं, "भाव सांगतं, पन तारीख नाई सांगत. सोमवारचे भाव मी गुरुवारी आयकून रायलो." आता तारीख आधी म्हणतो, भाव नंतर.