स्पॅनियलचे कान, डोळे आणि पिल्लाचे लसीकरण : या चुका टाळा

कॉकर स्पॅनियलच्या लांब, लोंबत्या, केसाळ कानांवर भुलून पिल्लू घरी आणले जाते आणि पुढे दवाखान्याच्या फेऱ्याही बरेचदा त्याच कानांपायी होतात. जड पाळी कानाच्या तोंडावर झाकणासारखी पडून राहत असल्यामुळे आत हवा खेळत नाही, ऊब आणि ओल टिकते व यीस्टसारखी बुरशी आणि जिवाणू वाढतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर ही ओल महिनोन्‌महिने हटत नाही. कुत्रा डोके झटकतो, पंजाने कान खाजवतो, तपकिरी मळ दिसतो आणि आंबूस वास येतो.

येथे पहिली चूक होते ती तेलाची. तान्ह्या बाळाच्या कानात कोमट तेल सोडण्याची आपल्याकडची जुनी सवय कुत्र्यापर्यंत पोहोचली असावी; परंतु तेलामुळे मळ आतच चिकटून बसतो आणि काही यीस्ट तर तेलकट पदार्थांवरच पोसतात. दुसरी चूक कापूसकाडीची. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे काडी मळ बाहेर काढण्याऐवजी त्या वळणात ठासून भरते. पशुवैद्यकाने सुचवलेले कान धुण्याचे द्रावण कानात सोडावे, कानाचा बुंधा बाहेरून अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळावा, कुत्र्याला डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ कापसाने टिपावा. कान लाल, सुजलेला किंवा दुखरा असेल, तर मात्र तपासणीपूर्वी काहीही घालू नये. कानाचा पडदा फाटलेला असल्यास काही औषधांचे थेंब श्रवणशक्तीला इजा करू शकतात. याच कारणाने गेल्या वर्षीची उरलेली बाटली पुन्हा वापरणे धोक्याचे आहे.

औषधाने तीन दिवसांत वास गेला म्हणून थेंब बंद करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. संसर्ग पुन्हा उलटतो, आणि असे वारंवार झाल्यास नळीची कातडी जाड होऊन नळी अरुंद होते. टोकाच्या अवस्थेत शस्त्रक्रियेने ती संपूर्ण काढावी लागते. कान दर दोन महिन्यांनी बिघडत असेल, तर थेंब बदलत बसण्यापेक्षा मुळाशी ॲलर्जी आहे का, हे तपासून घ्यावे. पंजे सतत चाटणे ही त्याची एक खूण असते.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात अचानक लाल गोळी दिसली, तर ती बहुधा ‘चेरी आय’ असते, म्हणजे तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी जागेवरून सरकलेली असते. ती कापून टाकण्याचा आग्रह धरू नये. अश्रूंचा मोठा वाटा हीच ग्रंथी तयार करते, आणि कॉकरमध्ये डोळे कोरडे पडण्याचा विकार मुळातच अधिक आढळतो. म्हणून ग्रंथी शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर बसवून घेणे हिताचे. चिकट, पिवळट स्राव सतत येत असेल, तर ‘डोळे आले’ म्हणून सोडून न देता अश्रूंचे प्रमाण मोजून घ्यावे.

पिल्लांच्या बाबतीत सर्वात महागात पडणारी चूक लसीची आहे. एक टोचणी झाली की पिल्लू सुरक्षित झाले, असे समजून त्याला सोसायटीच्या बागेत सोडले जाते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीचा परिणाम अडवू शकतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू झालेली लस दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी लागते. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आतड्याच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर ताक-भाताचा प्रयोग करण्यात तास घालवू नयेत, आणि माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नये.

हिरड्या फिकट पडल्या, लघवी गडद झाली आणि कुत्रा मलूल झाला, तर घरोघरी टॉनिक आणि बीट सुरू होते. गोचिडांमुळे होणारा ताप असे रूप घेतो. पण कॉकरमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट करते, असा विकारही आढळतो. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.