ऑक्युपेशनल थेरपीत येताय? आधी म्हशीची धार काढताना बघा

मुंबईहून शिकून कोल्हापुरात परत आले तेव्हा मी नक्की काय झालेय, हे घरच्यांनाही सांगता येत नव्हतं. काकू शेजारणीला सांगायची, "व्यायाम घेती ती." अजूनही नवा पेशंट विचारतोच, "म्हणजे फिजिओच नव्हं?" कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणाची सुरुवात केली, तरी ही गत. याचा राग येणार असेल तर दुसरं काहीतरी बघा, खरंच सांगते. मी दारातल्या माणसाला एवढंच म्हणते: त्या हातानं अंघोळ, जेवण, रोजचं काम कसं होईल ते मी बघते. व्याख्या अर्धवट आहे, पण पुरते.

नीटची परीक्षा, इंटर्नशिप, नोंदणी हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कुठं तोंडावर पडले ते ऐका.

करवीर तालुक्यातले एक आबा. पक्षाघात, उजवी बाजू गेलेली. तीन महिने मी त्यांच्याकडून पेगबोर्डच्या, म्हणजे भोकांच्या फळीत, खुंट्या लावून घेतल्या, शंकू रचून घेतले, पुटीचा मऊ गोळा दाबून घेतला. कागदावर पकड सुधारत होती आणि मी खूश. एक दिवस आबा म्हणाले, "पोरी, ह्या खुंट्या उचलून मी काय करू? मला म्हस पिळायची हाय."

मी हसले. आबा दोन आठवडे फिरकले नाहीत.

शेवटी मीच त्यांच्या गोठ्यावर गेले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ग्लास तोंडाला लावण्यापलीकडं मला दुधातलं काही कळत नव्हतं. सूनबाई धार काढत होत्या, मी शेजारी उकिडवी बसले. अंगठा आणि तर्जनीनं सड वरून आवळायचा, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी मूठ क्रमानं मिटायची. आणि मग ती पूर्ण सैल सोडायची, तरच सडात पुन्हा दूध उतरतं. गोम इथंच होती. पक्षाघातानंतर बहुतेकांची मूठ वळायला लागते, उघडायची मात्र राहते. मी तीन महिने वळणारीच मूठ वळवत बसले होते! त्यात उकिडवं बसून तोल सांभाळायच्या धडपडीत आबांचा हात आणखी ताठ व्हायचा, तो प्रश्न वेगळाच.

मग बुटकं स्टूल आलं. आधी तळहात जमिनीला टेकवून हात सैल करायचा. रबरी हातमोज्यात पाणी भरून बोटाच्या टोकाला भोक पाडलं, दावणीच्या खुंटीला बांधलं आणि त्यावर सराव. पिळण्यापेक्षा सोडण्यावर जास्त वेळ.

पुन्हा सांगते, कारण वर्गात ऐकूनही मी विसरले होते. पहिल्या दिवशी सांध्यांचे कोन मोजायच्या आधी विचारा: आजारपणाआधी सकाळी उठल्यापासून काय काय करायचा? त्यातलं कुठलं काम परत हवंय? मग ते काम कुणीतरी करताना स्वतः बघा, त्याचे तुकडे पाडा, कुठला तुकडा अडलाय ते शोधा. मुलांच्या बाबतीतही तेच. आई म्हणते अक्षर वाईट आहे, तर आधी पोरगं बसतं कसं ते बघा.

घरच्यांचं प्रेमही आडवं येतं. आबांचा सदरा सूनच घालायची. आधी अधू हात बाहीत, काढताना तो शेवटी, एवढं शिकवलं तर आबा स्वतः घालायला लागले. सुनेला आधी वाईट वाटलं, आपली सेवा नको झाली म्हणून. तेही ऐकून घ्यावं लागतं.

शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सांबद्दल माझं मत वाईट आहे. भिंतीवर फ्रेम वाढतात, नजर वाढत नाही. पेशंटच्या न्हाणीघरात वाकून उंबऱ्याची उंची मोजणारे सीनियर सापडले, तर त्यांची पिशवी उचलायची वेळ आली तरी उचला.

हाताचं कौशल्य नाही म्हणून घाबरू नका मात्र. माझा पहिला स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार द्यायचा साचा, अंगठ्याच्या बुडाशी टोचत होता. त्याचं थर्मोप्लास्टिक गरम पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं, परत घडवायचा.

आबा आता डाव्या हातानं बरीचशी धार काढतात. उजव्याची अजून चरवीच्या काठावर आपटते. पुढच्या गुरुवारी स्टूल दोन बोटं उंच करून बघणार आहे.