ब्रिटनमध्ये पंचविशीच्या आतल्या बेरोजगाराला किती पैसे मिळतात

नोकरी नाही, लग्न नाही, जोडीदारासोबत राहणं नाही आणि वय 25 च्या आत, अशांसाठी युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा बेरोजगारांना सरकार दरमहा देतं ती मदत) मूळ दर 2025-26 साली महिन्याला 316.98 पौंड होता. पंचविशी गाठलेल्यांसाठी तोच दर 400.14 पौंड होता. भाडं आणि किराणा वय विचारत नाहीत, पण सरकार विचारतं. दर दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे जुना आकडा धरून हिशेब करू नका.

आधी व्हिसा बघा. त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल तर अर्ज करू नका. विद्यार्थी, ग्रॅज्युएट आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर ती साधारणपणे असतेच.

अर्ज ऑनलाइन भरायचा, ओळख पटवायची, मग जॉबसेंटरमध्ये (सरकारी रोजगार कार्यालयात) भेट. काम शोधण्याबद्दल तिथे जे कबूल कराल ते पाळावं लागतं. ठरलेली भेट कारणाशिवाय चुकवली तर पैसे कापले जातात.

सगळ्यात जास्त चुकतो तो अर्जाचा दिवस. त्या दिवसापासून महिन्याचं चक्र सुरू होतं आणि त्या महिन्यात हातात पडलेला पगार मोजला जातो, मग काम आधीच सुटलेलं का असेना. म्हणून शेवटचा पगार खात्यात आल्यावर अर्ज केलेला बरा. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात. तोवर आगाऊ रक्कम मागता येते, पण ते कर्जच. 2025-26 च्या दराने पूर्ण 316.98 उचलले आणि 24 महिन्यांत फेडले तर दरमहा साधारण 13.21 कमी येतील.

थोडंफार काम मिळालं तर कर वगैरे जाऊन हाती येणाऱ्या दर पौंडामागे 55 पेन्स वजा होतात. 200 पौंड कमावले तर 110 जातात, त्याच दराने 206.98 उरतात. बचत 6,000 च्या वर असेल तर वरच्या दर 250 पौंडांमागे (अपुरे असले तरी पूर्ण धरून) 4.35 कापतात. म्हणजे 7,100 बचतीवर 21.75. बचत 16,000 च्या वर गेली की काहीच मिळत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत नोकरी करून नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) पुरेसा भरला असेल तर न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्ससाठीही (त्या वर्गणीवर मिळणारा बेकारी भत्ता) अर्ज करा. 2025-26 साली पंचविशीच्या आत तो आठवड्याला 72.90 पौंड होता; मिळतो जास्तीत जास्त 182 दिवस. त्यात बचत बघत नाहीत. मात्र दोन्ही घेतले तर ही रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्ण वजा होते. 2025-26 च्या दरांनी महिन्याला ती 315.90 भरते, म्हणजे मूळ दरातला जेमतेम एक पौंड उरतो. घरभाड्याचा भाग मात्र त्यावर मिळू शकतो. खाजगी घरात एकटे राहत असाल तरी 35 वर्षांखाली तो सहसा सामायिक घरातल्या एका खोलीच्या दरानेच मिळतो.